कायद्यातला तो 'मित्र' आपण व्हायचे की नाही?



'मनोरुग्ण' या शब्दाचा आपल्याला राग आहे आणि तो उगीच नाही. कुठेही पुतळ्याची विटंबना झाली की दुसऱ्या दिवशी पोलिसांचा खुलासा ठरलेला असतो : आरोपी मनोरुग्ण आहे, लोकांनी शांतता राखावी. परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, तेव्हाही आपल्याला हेच ऐकवले गेले. विटंबना करणारा पोलिसांच्या लेखी आजारी ठरला. त्यानंतरच्या धरपकडीत उचललेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी मात्र १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. हे पाहिल्यावर 'मनोरुग्ण आरोपी' हे शब्द कानावर पडताच आपल्या मुठी आवळल्या जातात, यात नवल नाही.

तरीही आज आम्ही त्याच शब्दाच्या दुसऱ्या बाजूवर लिहीत आहोत. हा शब्द काहींच्या हातात ढाल म्हणून दिला जातो, तसाच तो काहींच्या दाराला कुलूप म्हणून लावला जातो. ढाल कुणाला मिळते हे आपण बारकाईने पाहतो. कुलूप कुणाला लागते हे पाहायची सवय आपल्या चळवळीला अजून लागलेली नाही. ज्याच्या हातून खरोखरच आजाराच्या भरात गुन्हा घडला, न्यायालयानेही ते मान्य केले आणि जो उपचारांनी आता बरा आहे, तो माणूस वर्षानुवर्षे आत का राहतो? त्याला बाहेर आणणे हे कुणाचे काम? आमचे म्हणणे असे की ते काम आपलेसुद्धा आहे आणि कायद्याने त्यासाठी आपल्याला जागाही ठेवलेली आहे.

तीन प्रश्न, तीन उत्तरे

आधी गोंधळ दूर करू या. अशा प्रत्येक प्रकरणात तीन वेगवेगळे प्रश्न असतात आणि आपण ते एकाच पोत्यात भरतो.

पहिला प्रश्न : गुन्हा घडला त्या क्षणी आरोपीची अवस्था काय होती? पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ८४ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २२ आहे. इंग्लंडमधील मॅकनॉटन खटल्यानंतर १८४३ मध्ये जी कसोटी ठरली, तिच्यावरच ते बेतलेले आहे. नुसता आजार असून भागत नाही. आपण काय करतो आहोत हे, किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे, त्या वेळी आजारामुळे कळतच नव्हते असे दाखवावे लागते आणि ते दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. म्हणजे पोलीस निरीक्षकाने पत्रकारांसमोर 'मनोरुग्ण' म्हटले, याला कायद्यात कवडीची किंमत नाही.

दुसरा प्रश्न : आज तो खटल्याला सामोरे जाण्याच्या स्थितीत आहे का? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमे ३६७ आणि ३६८ यासाठी आहेत. तपासणी तज्ज्ञाने करायची असते आणि तिच्याविरुद्ध वैद्यकीय मंडळाकडे दाद मागता येते. त्या मंडळावर जवळच्या शासकीय रुग्णालयाचे मनोविकार विभागप्रमुख आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकारशास्त्राचे अध्यापक असतात. स्थिती नसेल तर खटला लांबणीवर पडतो, संपत नाही.

तिसरा प्रश्न : खटला थांबला किंवा आजाराच्या कारणाने आरोपी निर्दोष सुटला, तर तो राहणार कुठे?

पहिल्या दोन प्रश्नांवर आपण भांडलेच पाहिजे. परभणीसारखी घटना घडली की विचारायचे : कुणी तपासले? कधी तपासले? पूर्वीचे उपचारांचे कागद कुठे आहेत? खोट्या ढालीवर हाच इलाज आहे. पण 'मनोरुग्ण वगैरे सगळे ढोंग असते' असे म्हणत सुटलो, तर तिसऱ्या प्रश्नात अडकलेल्या आपल्याच माणसाच्या कुलपाला आपण आणखी एक खिळा ठोकतो.

शिक्षेला आकडा असतो, ताब्याला नसतो

आजारामुळे निर्दोष सुटलेल्याला कायदा लगेच घरी पाठवत नाही. कलम ३७४ (जुने ३३५) म्हणते की ज्या कृत्याबद्दल खटला होता ते त्याने केले असेल, तर त्याला 'सुरक्षित ताब्यात' ठेवावे, नाहीतर नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या स्वाधीन करावे. समाजाची आणि त्या माणसाची काळजी म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण 'सुरक्षित ताबा' कधीपर्यंत? चोराला तीन वर्षे म्हटले की तो भिंतीवर रेघा ओढत दिवस मोजतो. याला मोजायला आकडाच नाही.

आकडा नसला की काय होते, ते आसामच्या मचांग लालुंगने दाखवले. हा आदिवासी माणूस १९५१ मध्ये पकडला गेला आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवला गेला. १९६७ मध्ये डॉक्टरांनी तो बरा असल्याचे कळवले. त्याला घरी पाठवण्याऐवजी तुरुंगात नेले गेले. तो सुटला २००५ मध्ये. चौपन्न वर्षे! ना खटला, ना शिक्षा. सुटल्यावर दोन-अडीच वर्षांत तो गेला. त्याच्या आधी १९८२ मध्ये वीणा सेठी खटल्यात बिहारच्या हजारीबाग तुरुंगातले असेच लोक समोर आले होते : वेडे म्हणून ठेवलेले, बरे झाल्यावरही विसरलेले, काही तर दोन-तीन दशके. महाराष्ट्रातल्या पत्रकार शीला बारसे यांनी बंगालच्या तुरुंगांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाबाह्य आहे, हे त्यांच्याच प्रकरणात १९९३ मध्ये ठरले. म्हणजे प्रजासत्ताकाला त्रेचाळीस वर्षे झाल्यावर हे सांगावे लागले!

ही दूरची उदाहरणे म्हणून सोडून देऊ नका. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालये चार : येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. आपल्या सोलापूरचा माणूस जातो येरवड्याला, अडीचशे किलोमीटर लांब. तिथे मंजूर खाटा २,५४०. सोलापूरला येरवडा हे नाव नवीन नाही. आपल्या शहराच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिली ती येरवड्याच्या तुरुंगात. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराची जागाही तीच. त्याच येरवड्यातल्या रुग्णालयात आजही असे लोक असतात ज्यांचा आजार आटोक्यात आहे, पण ज्यांना न्यायला कुणी येत नाही. ठाण्याच्या मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे राहिलेल्या एका स्त्रीच्या निमित्ताने मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा दहा-दहा वर्षांहून अधिक काळ आत असलेल्या रुग्णांचा प्रश्न न्यायालयासमोर आला. ज्यांच्या नावावर गुन्हाच नाही त्यांची ही गत असेल, तर गुन्ह्याचा शिक्का असलेल्याला कोण विचारतो?

नातेवाईक का येत नाहीत?

'घरच्यांनीच टाकले, आता सरकार काय करणार?' हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. यात सगळा दोष घरच्यांच्या माथी जातो. पण घर म्हणजे काय, ते वस्तीत येऊन पाहावे. आमच्या कामाच्या निमित्ताने भेटलेल्या एका आईने सरळ विचारले, "बाबा, आनू म्हंतावं, पर ठिवायचं कुठं? दहा बाय दहाची खोली, त्यात सून बाळंतीन. मी विड्या वळू, का त्याच्यावर नजर ठिवू?" त्या माउलीला मुलगा नको होता का? तिच्याकडे जागा नव्हती, रोज बुडवण्याची ऐपत नव्हती आणि गोळ्या संपल्या तर कुठे जायचे हे तिला कुणी सांगितले नव्हते.

त्यावर न्यायालय हमी मागते. या माणसाची नीट काळजी घेऊ, तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार नाही, बोलावले की हजर करू, अशी ती हमी. हमी म्हटली की जामीनदार आला, ऐपतीचा दाखला आला. ज्याच्या नावावर ना सातबारा ना घरपट्टी, त्याने हा दाखला आणायचा कुठून? म्हणून एकाच आजाराचे आणि एकाच गुन्ह्याचे दोन रुग्ण असले, तर बंगल्यातला खासगी दवाखान्याच्या कागदावर घरी येतो आणि वस्तीतला 'सुरक्षित ताब्यात' म्हातारा होतो.

यात जात कुठे आली, असे विचारणाऱ्यांनी तुरुंगांची आकडेवारी पाहावी. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. चारांतले तीन. २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जातींचे लोकसंख्येतले प्रमाण १६.६ टक्के, पण तुरुंगात ते साधारण पाचांत एक. ज्या समूहाची माणसे तुरुंगात जास्त आणि ज्यांच्याकडे वकील, दाखले, खोल्या कमी, त्यांचेच आजारी लोक जास्त काळ आत राहणार. याला वेगळे कारस्थान लागत नाही. व्यवस्था आपल्या सवयीने चालत राहिली तरी एवढे घडते.

आणि मुदत नसलेला ताबा म्हणजे काय, हे सोलापूरला दुसऱ्यांनी शिकवायची गरज नाही. या शहरात 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांना तारेच्या कुंपणात कोंडले, हजेरी लावली. गुन्हा केला म्हणून नव्हे, उद्या करतील या भीतीपोटी. तो कायदा देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, नाव मात्र राहिले. बरा झालेल्या माणसाला 'उद्या पुन्हा काही केले तर?' एवढ्याच भीतीपोटी आत ठेवणे ही त्याच कुंपणाची नवी तार आहे.

भीती खोटी आहे का?

नाही. इथे प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. ज्याच्या घरातला माणूस गेला त्याला 'आरोपी आजारी होता' असे सांगून दुःख कमी होत नाही. शिवाय असे गुन्हे बहुधा घरातल्या किंवा शेजारच्या माणसावरच होतात, म्हणजे बळीही आपल्याच वस्तीतला असतो. 'सगळ्यांना सोडून द्या' असे आम्ही म्हणत नाही. ज्याचा आजार आज उफाळलेला आहे त्याला बंदिस्त, पण दवाखान्यासारख्या जागेत ठेवावेच लागेल. आमचा आग्रह एवढाच की त्या ताब्याचा ठरावीक काळाने, स्वतंत्र मंडळापुढे, वकिलासह फेरविचार व्हावा आणि बाहेर आल्यावर उपचार सुटू नयेत.

इंग्लंडमध्ये हे कसे चालते ते पाहा. तिथे अशा रुग्णांसाठी ब्रॉडमूर, रॅम्प्टन, अ‍ॅशवर्थ ही कडक बंदोबस्ताची रुग्णालये आहेत आणि त्याखाली मध्यम आणि सौम्य बंदोबस्ताची. सुधारणा दिसेल तसा रुग्ण पायरी-पायरीने खाली उतरतो. स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे त्याला ठरावीक काळाने दाद मागता येते. सोडताना अटी असतात : कुठे राहायचे, उपचार कुठे घ्यायचे, कुणाला भेटायचे. अट मोडली किंवा आजार वाढला तर परत बोलावता येते.

पण ही व्यवस्थाही दोन्ही बाजूंनी चुकली आहे. १९९२ मध्ये ख्रिस्तोफर क्लुनिस या आजारी माणसाने लंडनच्या स्टेशनवर एका अनोळखी तरुणाचा जीव घेतला. चौकशीत दिसले की दवाखाने, समाजसेवक, पोलीस सगळ्यांनी त्याला एकमेकांकडे ढकलले होते. आणि १९९८ मध्ये डेव्हिड 'रॉकी' बेनेट हा काळा रुग्ण नॉर्विचच्या बंदिस्त दवाखान्यात कर्मचाऱ्यांनी जमिनीवर दाबून धरल्यामुळे मेला. त्या चौकशीने आरोग्यसेवेत मुरलेल्या वंशभेदावर बोट ठेवले. तिथे आजही काळ्या माणसाला मानसिक आरोग्य कायद्याखाली ताब्यात घेण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या तिपटीहून जास्त आहे. सोडून देऊन विसरलात तर बाहेरचा मरतो, कोंडून विसरलात तर आतला मरतो. दोन्हीकडे दोष विसरण्याचा आहे, आणि विसरले जाणारे कोण असतात हे आपल्याला पाठ आहे.

गग्ग भिक्खूचा निवाडा

अंगुलिमालाची गोष्ट आपल्या विहारांत लहान पोरांनाही ठाऊक आहे. विनयपिटकातला गग्ग भिक्खू मात्र फारसा सांगितला जात नाही. गग्गाला वेड लागले होते. त्या अवस्थेत त्याच्याकडून श्रमणाला न शोभणारी पुष्कळ कृत्ये झाली. पुढे तो बरा झाला, पण भिक्खू त्याला जुन्या गोष्टींवरून टोचत राहिले. तो सांगायचा, मी तेव्हा शुद्धीत नव्हतो, मला आठवत नाही. तरी टोचणी थांबेना. प्रकरण बुद्धांपर्यंत गेले. त्यांनी नियम घालून दिला : अशा माणसाने संघापुढे येऊन मागणी करावी आणि संघाने त्याला 'अमूळ्हविनय' द्यावा. म्हणजे वेडाच्या काळातल्या कृत्यांबद्दल त्याला यापुढे दोषी धरू नये.

आता पुढचा भाग आपल्या परभणीच्या रागाशी जोडून वाचा. हा निवाडा केव्हा देऊ नये तेही तिथेच सांगितले आहे. आठवत असून 'आठवत नाही' म्हणतो त्याला नाही. 'स्वप्नासारखे आठवते' असे म्हणून वेळ मारून नेतो त्याला नाही. वेडाचे सोंग करतो त्याला नाही. मॅकनॉटनच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधी आपल्या परंपरेने ढोंगी आणि आजारी यांना वेगळे केले होते, आणि बऱ्या झालेल्याला परत घेणे ही सगळ्या संघाची, भर सभेत पार पाडायची जबाबदारी ठरवली होती. 'घरच्यांनी बघावे' असे संघ म्हणाला नाही.

'नातेवाईक किंवा मित्र'

आता पुन्हा कायद्याकडे या. कलम ३६९ म्हणते : खटल्याला उभा राहू न शकणाऱ्या आरोपीला रुग्णालयात दाखल ठेवण्याची गरज नसेल, आणि एखादा मित्र किंवा नातेवाईक जवळच्या दवाखान्यात त्याचे नियमित उपचार करण्याची आणि त्याच्याकडून इजा होऊ न देण्याची हमी घेत असेल, तर गुन्हा अजामीनपात्र असला तरी त्याला जामिनावर सोडता येते. कलम ३७४ आणि ३७८ मध्येही हेच दोन शब्द आहेत : नातेवाईक, मित्र. हा 'मित्र' कोण, हे कुणी कधी विचारले आहे का? वर्षानुवर्षे तो शब्द रिकामा पडून आहे. जयंतीला हजारोंनी जमणाऱ्या, एका हाकेवर कलेक्टर कचेरी गाठणाऱ्या आपल्या मंडळांना ती रिकामी जागा भरता येणार नाही का?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ आपल्या बाजूने आहे. कलम १९ सांगते की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्यासाठी कुणालाही रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही, आणि हाफवे होमसारख्या सोयी सरकारने करायच्या आहेत. कलम १०३ नुसार तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला लेखी कळवायचे असते की तुरुंगात मनोरुग्ण कैदी नाहीत. या मंडळावर दोन जागा रुग्ण, त्यांची काळजी घेणारे किंवा संस्थांचे प्रतिनिधी यांच्यासाठी आहेत. रुग्णाच्या संमतीने नोंदणीकृत संस्थाही मंडळाकडे अर्ज करू शकते आणि त्याला फी नाही.

तेव्हा सोलापुरातल्या कार्यकर्त्यांपुढे आम्ही चार कामे ठेवतो.

१. माहितीचा अधिकार वापरा. जिल्हा कारागृहाचे कलम १०३ चे तिमाही अहवाल मागा. येरवड्यात सोलापूर जिल्ह्यातले किती रुग्ण न्यायालयाच्या आदेशाने आहेत, त्यांतले किती बरे आहेत, हे नावे न मागता आकड्यांत मागा.

२. वकील मित्रांचा गट करा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीची व्यक्ती, मनोरुग्ण आणि कोठडीत किंवा मनोरुग्णालयात असलेली व्यक्ती या तिघांनाही मोफत वकील मिळतो. आपला माणूस तिन्ही दारांनी आत जाऊ शकतो, पण दारापर्यंत नेणारा हवा.

३. प्रत्येक विहारात दोघा-तिघांनी 'मित्र' म्हणून नाव द्या. गोळ्या सिव्हिलमधून आणणे, तारखेला सोबत जाणे, झोप उडाली, बडबड वाढली तर लगेच डॉक्टरकडे नेणे, एवढेच काम. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर विहाराच्या फलकावर लिहा. एकट्याने हमी घेऊ नका, गटाने घ्या. घेतली की पाळा, कारण एक हमी फसली तर पुढच्या दहा जणांची दारे बंद होतील.

४. सोलापुरात सरकारी हाफवे होम मागा. त्या दहा बाय दहाच्या खोलीतल्या माउलीला आपला उपदेश नको आहे, जागा हवी आहे. १४ एप्रिलच्या निवेदनात ही मागणी आली पाहिजे.

अशक्य वाटत असेल, तर कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था पाहा. रस्त्यावर भटकणाऱ्या हजारो मनोरुग्णांना उपचार देऊन त्यांनी गावोगावी घरी पोहोचवले. २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नीट उपचार आणि सोबत यांसह माणूस परत आला तर घरे दार उघडतात, हे त्या कामाने दाखवले आहे.

आपल्या वस्तीत कुणी तरी एक दिवस येरवड्याहून परत येईल. तो दिसला की लहान पोरे दगड उचलतील, मोठी माणसे दारे लावून घेतील. त्या वेळी त्याच्या शेजारून चालणारा एक निळा मफलर असला, तर दगड खाली पडतील. पुढची दारे उघडायची की नाही, ते त्यानंतर ठरेल.

जय भीम!

शुक्रवार पेठ, सोलापूर